खाजेची ट्यूब : स्टिरॉइड मलमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात मी औषध दुकान चालवते. मिरगाचा पाऊस लागला की "ताई, ती खाजेची ट्यूब द्या" ही मागणी सुरू होते आणि भातकापणीपर्यंत थांबत नाही. ट्यूबचं नाव कुणाला ठाऊक नसतं, टोपणाचा रंग तेवढा आठवतो. आत काय आहे, कशासाठी आहे, किती दिवस लावायचं, हे तर शंभरात चार जण विचारत असतील. त्या चौघांचे प्रश्न आणि उरलेल्यांनी विचारायला हवे होते ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हे वाचून स्वतःच औषध ठरवू नका. डॉक्टरांनी दिलेली ट्यूब नीट वापरता यावी आणि न दिलेली हातात घेताना थांबता यावं, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

स्टिरॉइड म्हणजे जिममधली पोरं घेतात तेच का?

ते वेगळं. स्नायू फुगवायला घेतात ती अ‍ॅनाबोलिक स्टिरॉइडं. मलमात असतं ते कॉर्टिकोस्टिरॉइड. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रोज बनवतात, त्याचंच हे भावंड. त्वचेवर लावलं की तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, लाली उतरते, सूज आणि खाज कमी होते. 1952 साली सल्झबर्गर आणि विटेन या अमेरिकी डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून गुण येतो हे दाखवलं, आणि इसबाच्या रोग्यांचं आयुष्य खरोखर बदललं. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: हे औषध जंतू मारत नाही आणि बुरशीही मारत नाही. ते फक्त दाह दडपतं.

मग कुठल्या दुखण्याला ते योग्य?

इसब, सोरायसिसचे चट्टे, लायकेन प्लॅनस (जांभळट, चपट्या, खाजणाऱ्या पुटकुळ्यांचा आजार), आणि एखादी वस्तू अंगाला लागून उठणारा दाह. हा शेवटचा प्रकार आपल्या भागात फार दिसतो. बांधावरचं गाजर गवत, ज्याला बरेच जण नुसतं 'काँग्रेस' म्हणतात, त्याचे कण हवेतून येऊन पापण्या, मान आणि कोपराच्या खोबणीत बसतात. काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांना टरफलाचं तेल लागतं. गवंड्याच्या हाताला सिमेंटमधलं क्रोमेट बाधतं. बेळगावच्या उद्यमबाग कारखाना वसाहतीत लेथवर काम करणाऱ्यांना कटिंग ऑइलचा त्रास होतो. दुखऱ्या गुडघ्यावर बिब्बा घातल्यावर येणारे फोड तर आजही दुकानात येतात.

या सगळ्यांत मलम अर्धंच काम करतं. माझ्या आईची मान तीन पावसाळे अशीच सोलवटायची. ट्यूब लावली की आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी विचारलं, "भांगलणीला कोण जातं?" गवत उपटणं तिने सोडलं, शेतातून आल्या आल्या मान-हात धुऊन लुगडं बदलायला लागली, आणि ट्यूबची गरज वर्षातून एखाद्या आठवड्यावर आली. मलम तेच होतं, डॉक्टरांनी फक्त कारण शोधलं.

गजकर्णाला लावलं की दोन दिवसांत खाज थांबते. मग चूक काय त्यात?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

गजकर्ण, म्हणजे नायटा, बुरशीमुळे होतो. बुरशी आत शिरली की शरीर तिच्याशी झगडतं. लाल कडा आणि खाज ही त्या झगड्याचीच खूण. स्टिरॉइड लावलं की झगडा थंडावतो. खाज गेली, लाली गेली, माणूस खूश. बुरशी मात्र तिथेच असते आणि आता तिला अडवायला कुणी नसतं. ट्यूब बंद केली की चारसहा दिवसांत पहिल्यापेक्षा मोठं रिंगण उठतं. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम. असं चारसहा महिने चाललं की मांडीतला रुपयाएवढा डाग कंबर, पोट, पार्श्वभाग असा पसरतो. गोल कड पुसली जाते, रिंगणात रिंगण दिसायला लागतं, आणि डॉक्टरांनाही नुसत्या नजरेने ओळखणं अवघड जातं. याला वैद्यकीय भाषेत 'टिनिया इनकॉग्निटो' म्हणतात, म्हणजे वेश पालटलेला नायटा.

गोव्यात हॉटेलात कामाला असलेली आपली पोरं सणाला घरी येतात तेव्हा अशी कातडी घेऊन येतात. दिवसभर घामाने भिजलेली जीन्स, खोलीत पाचसहा जण, टॉवेल एकाचा दुसऱ्याला, आणि प्रत्येकाच्या खिशात तीच ट्यूब.

त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा चार-चार औषधं एकत्र असतात: क्लोबेटासोलसारखं अतितीव्र स्टिरॉइड, एकदोन जंतुनाशकं आणि एक बुरशीनाशक. "बुरशीचं औषध आहेच की त्यात!" असं गिऱ्हाईक मला सांगतं. आहे, पण सोबतचं स्टिरॉइड बुरशीला आसरा देतं, आणि खाज थांबली की माणूस आठव्या दिवशी लावणं सोडून देतो. नायट्याला बुरशीनाशक कित्येक आठवडे लागतं, डाग दिसेनासा झाल्यावरही काही दिवस. त्यातच आता बुरशीही बदलली आहे. 2020 साली भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या एका बुरशीला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असं वेगळं नाव मिळालं. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. म्हणून अंदाजाने मलम चोळण्याचे दिवस खरंच संपले आहेत.

डॉक्टर डागाची कड खरवडून काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे पाहतात. तपासणी साधी आहे. जाताना आधी लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. लाजू नका. काय लावलं होतं हे कळलं तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

रोप लावणीत पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात. त्यांना?

नको. दिवसभर चिखलपाण्यात राहून कातडी भिजते आणि तिथे बुरशी व जंतू शिरतात. संध्याकाळी पाय धुवा, बोटांमधली जागा कापडाने टिपून कोरडी करा आणि बुरशीनाशक मलम विचारून घ्या. साखरेचा आजार असेल तर पायाच्या भेगेकडेही दुर्लक्ष नको, त्याच आठवड्यात दाखवा.

आणखी कुठे लावू नये?

खरजेवर नको. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यात पुरळ आणि घरातल्या दोघाचौघांना एकदम त्रास असेल तर खरूज समजा. तिला वेगळं औषध आहे आणि ते घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं असतं. नागीण, तोंडावरचे मुरुम, पू झालेली जखम, यांवरही नको.

फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि तिथे टाचणी टोचलेली कळत नसेल, गरम-गार समजत नसेल, तर कुठलंही मलम न लावता सरकारी दवाखान्यात जा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि वेळेत घेतली तर तो पूर्ण बरा होतो.

माझ्या ट्यूबवर 0.05 टक्के लिहिलंय, शेजारच्याच्या ट्यूबवर 1 टक्का. माझी सौम्य ना?

उलट असू शकतं. टक्क्यावरून ताकद कळत नाही, औषधाच्या नावावरून कळते. 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन सौम्य आहे. 0.05 टक्के क्लोबेटासोल प्रोपियोनेट त्याच्या शेकडो पट तीव्र आहे. डेसोनाइड सौम्य गटातलं. क्लोबेटासोन ब्युटिरेट मध्यम. मोमेटासोन, फ्लुटिकासोन आणि बीटामेथासोन व्हॅलरेट ही तीव्र. क्लोबेटासोल आणि हॅलोबेटासोल अतितीव्र. क्लोबेटासोन आणि क्लोबेटासोल यांत एका अक्षराचा फरक आहे आणि ताकदीत दोन पायऱ्यांचा, म्हणून दुकानात उभं राहूनच नाव वाचा. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं, औषधाचं नाव त्याच्या खाली बारीक अक्षरात. बारीक अक्षरंच कामाची. चष्मा विसरला असाल तर आम्हाला वाचायला सांगा, ते आमचं कामच आहे.

किती लावायचं? डॉक्टर नुसतं "पातळ लावा" म्हणतात.

यासाठी बोटाचं माप आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून एक सरळ रेघ काढा. ट्यूबचं तोंड 5 मिलीमीटरचं असेल तर ती रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते. एवढं मलम बोटं जुळवलेल्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं.

हे माप धरलं तर मोठ्या माणसाच्या एका हाताच्या पंजाला, दोन्ही बाजू धरून, एक रेघ लागते. दंडापासून मनगटापर्यंत तीन, एका पावलाला दोन, पाऊल सोडून अख्ख्या पायाला सहा, पाठीला सात. मुलाला लावतानाही माप मोठ्या माणसाच्याच बोटाचं घ्यायचं, पण जागा लहान असल्यामुळे रेघा कमी लागतात. घरात ज्याचं बोट वापरता त्याचंच रोज वापरा.

हिशेब करून बघा. 15 ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशा तीस रेघा. पाऊल सोडून अख्ख्या पायाला इसब असेल आणि रोज एकदा लावायचं असेल तर ट्यूब पाच दिवसांत संपायला हवी. ती दोन महिने पुरत असेल तर तुम्ही फार कमी लावताय. उलट, मनगटावरच्या रुपयाएवढ्या डागासाठी आठवड्याला ट्यूब संपत असेल तर नक्की काहीतरी चुकतंय.

दिवसातून किती वेळा, किती दिवस?

बहुतेकांना दिवसातून एकदा पुरतं. जास्त वेळा लावल्याने गुण दुप्पट होत नाही. दिवस किती, हे आजार, जागा आणि ताकद पाहून डॉक्टर ठरवतात. क्लोबेटासोलची मर्यादा मात्र पाठ करा: सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही आणि आठवड्याला 50 ग्रॅमच्या वर नाही. ज्यांचं इसब पुन्हापुन्हा उलटतं त्यांना डॉक्टर कधीकधी बरं झाल्यावरही आठवड्यातून दोन दिवस त्याच जागी लावायला सांगतात. त्याने पुढचा उठाव टळतो. पण ते त्यांनी सांगितलं तरच.

आधी खोबरेल की आधी ट्यूब?

कुठलंही आधी लावा, मध्ये वीसतीस मिनिटं जाऊ द्या. लगेच वर तेल चोपडलं तर औषध पातळ होऊन नको तिथे पसरतं. कोरड्या, भेगाळलेल्या इसबाला खोबरेल किंवा साधी पेट्रोलियम जेली भरपूर आणि रोज लावायला हवी, ट्यूब बंद असतानाही. जाड कातडीला ऑइंटमेंट बरं, ओलसर जागेला क्रीम, केसांत लोशन.

चुलीपुढे बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जेली किंवा पॅराफिनचं ऑइंटमेंट मुरलेलं कापड विस्तवाने चटकन पेटतं. मलम लावलेल्या हाताची पट्टी किंवा पदर जाळापासून लांब ठेवा, आणि ते कपडे गरम पाण्यात धुतले तरी पूर्ण निर्धोक झाले असं समजू नका.

चेहऱ्यावर वांग आहेत. मैत्रिणीने दिलेल्या क्रीमने रंग उजळला. चालू ठेवू का?

कृपा करून नको, आणि आजच त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन ही तिन्ही नावं एकत्र असतील तर ते वांगांचं औषध आहे. ते ठरावीक आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचं असतं. गोरेपणाची क्रीम म्हणून ते वर्षानुवर्षं लावणाऱ्या मुली मी पाहते. आधी चेहरा तुळतुळीत आणि उजळ दिसतो. मग ऊन सोसवेनासं होतं, गालावर बारीक लाल शिरा दिसतात, तोंडाभोवती पुरळ येते, हनुवटीवर लव वाढते. घाबरून क्रीम बंद केली की चेहरा लालबुंद होतो, आग होते, म्हणून पुन्हा तीच क्रीम. या फेऱ्यातून बाहेर यायला महिने लागतात.

भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी बारा केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांची केलेली पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. अशा चेहऱ्याला वेगळं नावच द्यावं लागलं, 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा' अशा अर्थाचं.

लग्न ठरलेल्या मुलीच्या आईला मला हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं. पोरीच्या रंगात काहीही कमी नाही. बिघडवायचा नसेल तर ती क्रीम तिच्या हातात देऊ नका.

पापण्यांजवळ तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुळीच नको. बरेच दिवस लावल्यास डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू येऊ शकतो.

जांघेत, काखेत लावलेलं चालतं का?

तिथली कातडी पातळ, घामट आणि दुमडलेली असते, म्हणून औषध जास्त आत जातं. 1967 साली फेल्डमन आणि मेबॅक या संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोनवर मोजमाप केलं. कोपर ते मनगट या भागातून जेवढं औषध शोषलं जातं त्याच्या सुमारे सहा पट कपाळातून आणि बेचाळीस पट वृषणाच्या कातडीतून शोषलं गेलं. तळपायातून मात्र जेमतेम सातवा हिस्सा. म्हणूनच टाचेच्या सोरायसिसला डॉक्टर तीव्र मलम देतात आणि जांघेला सौम्य, तेही थोडे दिवस. टाचेची ट्यूब जांघेला लावली तर कातडी कागदासारखी पातळ होते आणि जांभळट ताणाच्या रेषा उमटतात. त्या रेषा कायमच्या राहतात.

बाळाला लंगोटाच्या जागी पुरळ आहे.

घरातली ट्यूब लावू नका. डायपर किंवा प्लास्टिकचा जांगिया म्हणजे औषधावर झाकणच. झाकलं की ते कितीतरी जास्त आत जातं, आणि बाळाचं वजन कमी पण कातडीचं क्षेत्र त्या मानाने मोठं. तीव्र स्टिरॉइड आठवडे-महिने लावलेल्या बाळांचे गाल गोल सुजतात, वाढ खुंटते, अधिवृक्क ग्रंथी मंदावतात. लोकांना वाटतं बाळ बाळसं धरतंय. जागा कोरडी ठेवा, बाळाला थोडा वेळ मोकळं राहू द्या, झिंक ऑक्साइडचं मलम लावा. दोनतीन दिवसांत कमी नाही झालं तर दाखवा. डॉक्टरांनी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन लिहून दिलं तर त्यांनी सांगितलेले दिवस निःशंक लावा.

पोटात बाळ असताना? अंगावर पाजत असताना?

सौम्य आणि मध्यम मलमं डॉक्टरांच्या सल्ल्याने चालतात. अतितीव्र मलम मोठ्या प्रमाणात लावणं टाळतात, कारण बाळाचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध दिसला आहे. स्तनाग्रावर लावलं असेल तर पाजण्याआधी पुसून धुऊन घ्या.

दोन वर्षं लावतोय. हे वाचून आजच बंद करतो.

थांबा. छोट्या डागावर थोडे दिवस लावलं असेल तर बंद करायला हरकत नाही. पण बऱ्याच जागेवर, तीव्र मलम, महिनोन्महिने लावलं असेल तर एकदम सोडू नका. कातडी पेटल्यासारखी लाल होऊ शकते. सोरायसिस असेल तर पुवाचे फोड उठू शकतात. आणि ग्रंथी मंदावलेल्या असतील तर थकवा, चक्कर, उलट्या असा त्रास होतो. डॉक्टर ताकद उतरवत, एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा असं सोडवतात. सांधेदुखीची सुई किंवा दम्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यांतही स्टिरॉइड असू शकतं.

मला तर स्टिरॉइडची भीतीच वाटते. जडीबुटीचं मलम बरं ना?

भीतीनेही माणसं हाल काढतात. अंगभर इसब असलेल्या मुलाची आई रात्रभर त्याचे हात धरून बसते, पण ट्यूब लावत नाही, हेही मी पाहिलं आहे. मुलाची झोप गेली, कातडी खाजवून जखमा झाल्या, त्यात पू झाला. योग्य ताकदीचं मलम, योग्य जागी, सांगितलेले दिवस लावलं तर इसबाच्या मुलाला त्याने शांत झोप मिळते.

लेबल नसलेल्या डबीतल्या 'जडीबुटी' मलमावर माझा विश्वास नाही. अशा मलमांमध्ये न सांगता तीव्र स्टिरॉइड मिसळल्याचं अनेक देशांत तपासणीत उघड झालं आहे. दोन दिवसांत जादू झाली तर शंका घ्या.

चिठ्ठीशिवाय मिळतंय, म्हणजे धोका नसेलच ना?

मिळतं, ही आमच्या धंद्यातली चूक आहे, आणि ती मी लपवणार नाही. 2018 साली सरकारने 14 स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एच मध्ये घातलं, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची. मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, हे मला दिसतं. तरी मी नाही म्हणते.

दवाखान्यातल्या सिस्टर कन्नडच बोलतात. नीट सांगता येत नाही, म्हणून मी सरळ दुकानात येतो.

हे कारण मला खरं वाटतं, म्हणून चार शब्द देते. खाज म्हणजे तुरिके. खरूज म्हणजे कज्जी. नायटा म्हणजे हुळुकड्डी, आणि गजकर्ण म्हटलं तरी समजतं. इसबाला ते इसबूच म्हणतात, मलमाला मुलामू. "दिनक्के ओम्मे" म्हणजे दिवसातून एकदा. शब्द अडला तर डाग दाखवा, जुनी ट्यूब दाखवा, किती दिवस ते बोटांवर सांगा. बेळगावच्या सिव्हिलमध्ये त्वचाविभाग आहे आणि मराठी बोलणारं कुणी ना कुणी तिथे भेटतंच.

ताबडतोब कधी दाखवायचं?

ताप आला, जागा गरम होऊन दुखायला लागली, पू आला, इसबावर एकसारखे छोटे खोलगट फोड उठले, नजर धूसर झाली, किंवा सांगितलेले दिवस लावूनही दोन आठवड्यांत फरक नाही. शेवटचं सोडून बाकी कशासाठीही बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका.

उरलेली ट्यूब नणंदेला दिली तर? तिलाही अशीच खाज आहे.

खाज सारखी असली तरी आजार सारखा असेलच असं नाही. देऊ नका. मी काउंटरवर एक करते, ते घरीही करता येईल. खोक्यावर पेनाने लिहून देते: कुणाची, कुठल्या जागेसाठी, कधी सुरू, कधी बंद. "बाबा, उजवी टाच, 5 जुलै ते 19 जुलै." तारीख उलटली की ट्यूब देवळीतून काढायची.